पहिलं फॉरेन कुठलं?

बँकॉक, सिंगापूर की दुबई? महाडच्या आमच्या घरात महिनाभर वाद रंगला. आजीला मात्र कुणी विचारलंच नव्हतं...

हा सीन तुमच्या घरीही कधी ना कधी होणारच. नोकरीत चार-पाच वर्षं झालेली असतात, खात्यात थोडे पैसे साठलेले असतात आणि एका शनिवारी जेवताना तुम्ही जाहीर करून टाकता, 'या वर्षी सगळ्यांनी फॉरेनला जायचं!' पहिली पाच मिनिटं सगळे सॉलिड खूश. सहाव्या मिनिटाला प्रश्न येतो, 'पण कुठे?' आणि मग जे सुरू होतं त्यापुढे संसदेचं अधिवेशनही शांत वाटावं.

आमचं घर महाडला. बाबा एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं लोकांना तिकिटं दिली, स्वतः मात्र गोव्याच्या पुढे कधी गेले नाहीत. धाकटा भाऊ इथल्याच एमआयडीसीत केमिस्ट. मी मुंबईत फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे बजेटमध्ये वाटा कमी आणि मतं जास्त!

भावाला हवं होतं बँकॉक. (पटाया हा शब्द तो आईसमोर जपून वापरत होता.) आईला सिंगापूर, कारण मावशी तिथे जाऊन आली आणि दोन वर्षं तेच सांगतेय. बाबांचं म्हणणं, 'कुठेही चला, रात्री भात मिळाला की झालं.' मी दुबई सुचवली, तर आईने ती एका वाक्यात उडवली. 'दुबईला लोक कामाला जातात गं, फिरायला काय जायचं?' तिचंही बरोबर होतं. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतली माणसं वर्षानुवर्षं कुवेत, सौदी, दुबईत राबतात. आमच्या लहानपणी फॉरेन म्हणजे सुट्टीवर आलेल्या शेजाऱ्यांच्या बॅगेतलं अत्तर आणि टँगचा डबा. फॉरेनला मजा करायला जातात, हे आम्हाला खूप उशिरा कळलं.

'आजीला नंतर नेऊ'

खरी अडचण आली पासपोर्टच्या वेळी. २२ जुलै २०२१ला सावित्रीचं पाणी महाडमध्ये शिरलं, तेव्हा आमच्या कपाटातला खालचा खण अख्खा गेला. त्यात आजीचे सगळे कागद होते. नवीन आधार कार्ड आलं, पण त्यावर तिच्या नावापुढे 'बाई' लागलंय आणि बँकेच्या पासबुकात नाही. जन्मतारीख १ जानेवारी, तिच्या पिढीतल्या अर्ध्या गावाची असते तीच! हे सगळं दुरुस्त करून पासपोर्ट मिळाला असता, पण वेळ लागणार होता. मग कुणीतरी म्हणालं, 'आजीला नंतर नेऊ.'

आजीने लगेच मान डोलावली. 'मला कशाला? मी घर बघते.'

आजी ७८ वर्षांची. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाट सुरू होतो तिथल्या वाडीत राहते. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या तिच्या अंगणासमोरून वर चढतात. मे महिन्यात तर रांगच लागते. आयुष्यभर ती दुसऱ्यांच्या सहली बघत आली आहे. 'नंतर' हा शब्द आपण पंचविशीत सहज वापरतो. अठ्ठ्याहत्तरीत त्याचा अर्थ काय होतो, ते त्या रात्री झोप न लागल्यावर माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तिला चवदार तळ्यावर घेऊन गेले. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांबरोबर इथलं पाणी प्यायला आलेल्या हजारो माणसांत तिचे वडील होते. महाडला आली की तळ्यावर गेल्याशिवाय ती परत जात नाही. पायरीवर बसून विचारलं, 'तुला कुठे जावंसं वाटतं?'

'बाबासाहेब शेवटचे परदेशात कुठे गेले होते गं? नेपाळलाच ना?'

खरंच की! १९५६च्या नोव्हेंबरमध्ये ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच, ६ डिसेंबरला, ते गेले. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. त्या दिवशी वाडीत एकही चूल पेटली नव्हती, एवढं तिला आठवतं. 'बुद्ध जन्मले ती जागाही तिकडेच आहे म्हणतात,' ती म्हणाली आणि पुन्हा पाण्याकडे बघत बसली.

हे काय फॉरेन आहे?

'नेपाळ?' भाऊ किंचाळलाच. 'व्हिसा नाही, शिक्का नाही, ऑफिसात काय सांगू?'

पण ज्याला तो तोटा समजत होता, तीच तर आमची सोय होती. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं आणि ६५च्या वरच्यांना आधार कार्डसुद्धा. म्हणजे आजीचा प्रश्न मिटला!

मग गुडघ्यांचा हिशेब केला. रायगडावर आजी जाऊ शकली ती रोपवेमुळे. काठमांडूच्या स्वयंभूनाथला पूर्वेकडून ३६५ पायऱ्या आहेत, पण मागच्या बाजूने गाडी बरीच वर जाते. बौद्धनाथचा भव्य स्तूप तर सपाटीवरच आहे. तिथून लुंबिनीजवळच्या भैरहवाला छोटं विमान. लुंबिनीत मायादेवी मंदिर आणि बुद्धांचा जन्म इथे झाला असं कोरून ठेवणारा अशोकाचा स्तंभ. परतताना सुनौलीची सीमा चक्क चालत ओलांडायची, वाटेत कुशीनगर करायचं आणि गोरखपूरहून मुंबईची ट्रेन पकडायची. परदेशातून पायी घरी, हे बँकॉकवाल्यांना जमेल का?

हे ऐकल्यावर भाऊ जरा विरघळला. बाबांनी नकाशा मागितला आणि 'डाळ-भात तर तिकडचं रोजचं जेवण,' हे कळल्यावर मतदान एकमताने झालं. आईने सिंगापूर सोडलेलं नाही. ते पुढच्या वेळी, तोवर बाकीच्यांचे पासपोर्टही हातात येतील.

तुम्हीही ठरवताय?

* आधी घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला विचारा. 'काहीही चालेल' हे उत्तर धरू नका, दुसऱ्यांदा विचारा.
* सगळ्यांची कागदपत्रं आधी जुळवा, ठिकाण मग. नावातलं एक अक्षरही महागात पडतं.
* व्हिसाचे नियम सारखे बदलतात. मित्राच्या अनुभवावर जाऊ नका, बुकिंगआधी सरकारी वेबसाइट बघा.
* लुंबिनी तराईत आहे. मे महिन्यात तिथे भाजून निघाल आणि ऐन थंडीत धुक्यामुळे विमानं रखडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम.
* भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात. उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटतं, जपून!

आमचं नोव्हेंबरचं बुकिंग झालंय. आजीने दोन नवी नऊवारी काढून ठेवली आहेत. परवा फोनवर तिला म्हटलं, 'आजी, नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं बरं का.'

'एवढंच?' ती म्हणाली. 'मग इतकी वर्षं कुणी नेलं का नाही?'