दुरुस्ती की नवी खरेदी?

वस्तू बिघडली असता ती नीट करून घ्यावी, की टाकून देऊन नवी आणावी, हा प्रश्न प्रत्येक घरी केव्हा ना केव्हा उपस्थित होतोच. छत्री, घड्याळ, शिवणयंत्र यांच्या बाबतीत वडीलधारी माणसे त्याचे उत्तर अनुभवाने चटकन देतात. परंतु आमच्या खामगावच्या घरी तो गेल्या उन्हाळ्यात एका निराळ्याच वस्तूविषयी निघाला. ती वस्तू म्हणजे तबकडीवर चालणारे व्हिडिओ गेमचे यंत्र, प्लेस्टेशन टू.

हे यंत्र जपानात २००० साली प्रथम विक्रीस आले आणि २०१३ च्या आरंभी त्याची निर्मिती थांबल्याचे जाहीर झाले. जगभर त्याचे १५ कोटींहून अधिक नग खपले. त्यांतील एक आमच्या थोरल्या चुलतभावाने मुंबईहून जुनेच विकत आणले होते. दिवाळीस सारी भावंडे जमली, की २००६ साली निघालेला ‘क्रिकेट ०७’ हा खेळ त्यावर रंगत असे. आमचे आजोबा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. प्रथम ते केवळ गुण मोजीत. पुढे स्वतःच खेळू लागले. त्यांनी आरंभिलेली एक कसोटी मालिका अर्धीच राहिली आणि दोन वर्षांपूर्वी ते निवर्तले. ती मालिका आठ मेगाबाइटांच्या एका लहानशा मेमरी कार्डात जशीच्या तशी शिल्लक होती.

अशा स्थितीत यंत्राने तबकडी वाचण्याचे नाकारले. एका दुकानदाराने त्याचे झाकणही न उघडता “हे संपले, नवे घ्या” असा निकाल दिला. वडिलांची नवे घेण्यास ना नव्हती; परंतु त्यांनी एकच विचारले, “नव्यात या तबकड्या चालतील काय?” उत्तर नकारार्थी होते. प्लेस्टेशन फाइव्हमध्ये प्लेस्टेशन टूच्या तबकड्या चालत नाहीत, आणि त्याच्या एका प्रकारात तर तबकडी घालण्याची सोयच नाही. म्हणजे नवे यंत्र कितीही उत्तम असले, तरी ते जुन्याचे काम करणार नव्हते. त्याच घडणीचे दुसरे जुने यंत्र घेतले असते, तर कार्ड त्यात चालले असते. परंतु त्याच्या भिंगाचे वयही आमच्याइतकेच असावयाचे!

अखेर चिखलीचे आमचे मामा आले. रेडिओ व टीव्ही दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी यंत्र उघडण्यापूर्वी आम्हांस त्याचे कार्य समजावून दिले. ग्रामोफोनची सुई तबकडीच्या कडेकडून मध्याकडे जाते व खाचेस प्रत्यक्ष स्पर्श करते. येथे सुईच्या जागी लेझरचा किरण असतो. तो मध्याकडून कडेकडे जातो व तबकडीस स्पर्शही करीत नाही. डी.व्ही.डी.वरील दोन शेजारच्या रेषांतील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. तेव्हा भिंगावर धुळीचा पातळ थर बसला, किंवा ते ज्या दांडीवरून सरकते तिचे वंगण सुकले, तरी वाचन बिघडते. आमच्या कापसाच्या गावात उन्हाळी धुळीस तोटा नाही, हे सांगणे नलगे.

मामांनी प्रथम विजेची दोरी काढली. कारण या पहिल्या घडणीच्या जाड यंत्रात वीजपुरवठ्याचा भाग आतच असतो. चालू यंत्राच्या भिंगात डोकावून पाहू नये, त्याने डोळ्यांस अपाय होतो, असेही त्यांनी बजावले. मग भिंग हलक्या हाताने पुसले व दांडीस नवे वंगण दिले. नंतर निळसर पाठीची एक तबकडी घातली, ती चालली. रुपेरी पाठीची घातली, ती चालेना. पहिली सी.डी. व दुसरी डी.व्ही.डी. असून त्यांकरिता निरनिराळ्या तरंगलांबीचे किरण लागतात. मामा म्हणाले, “दाजी, यंत्र मेलेले नाही. त्याचा एक डोळा तेवढा अधू झाला आहे.” आठ दिवसांनी भिंगाचा नवा भाग मिळाला, तो बसविताच खेळ सुरू झाला. खर्च नव्या यंत्राच्या किमतीचा अल्पसा अंश होता. तथापि जाताना मामांनी हेही सांगितले, की पुढे मुख्य पट्टीच जळाली, तर तिच्यापायी पैसा घालवू नये.

आजोबांची मालिका पुढे खेळावी, की तशीच जपून ठेवावी, याविषयी आम्हा भावंडांत मतभेद झाला. तो आजीने मिटविला. ती म्हणाली, “डाव अर्धा टाकून उठलेले त्यांना कधी खपले नाही. खेळा तुम्ही.” आम्ही खेळलो. तो सामना आम्ही हरलो. पण मालिका पूर्ण झाली.

यंत्र खरोखरच निकामी झाले, तर ते उकिरड्यावर टाकू नये किंवा जाळू नये. २०२२ च्या ई-कचरा नियमांत व्हिडिओ गेमचाही समावेश आहे, व ते नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच पोहोचविणे योग्य होय.

‘जुने ते सोने’ म्हणणारा आणि ‘नवे ते हवे’ म्हणणारा, हे दोघेही वस्तू उघडून न पाहताच निकाल देतात. कोणता भाग बिघडला, तो मिळतो काय, आणि नवी वस्तू जुनीचे काम खरोखर करील काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाल्यावर नवी वस्तू घ्यावी लागली, तरी तीत उधळपट्टी नाही. आणि जुनी राखली, तरी तो कंजूषपणा नव्हे.