फितूर न होणारा साक्षीदार

भुताचे सिनेमे बघणारा कार्यकर्ता हा आपल्याकडं चेष्टेचा विषय आहे. मागं जयंतीच्या बैठकीत एका मित्रानं चारचौघांत विचारलं, "कवी, धम्म घेतलेल्या घरातला तू. अन् रात रात भुतं काय बघू ऱ्हायला?" सगळे हसले. प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचं उत्तर चहा संपेस्तोवर देता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी एक सांगून टाकतो. मी भूत मानत नाही. पण भुताची गोष्ट मानतो. कारण ती कुणीतरी, कुठंतरी, कशासाठी तरी रचलेली असते.

मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मिल हाऊसला हंगामी कामगार आहे. (२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. आमच्या तोंडी अजून नगरच बसलंय.) रातपाळी बारा ते आठ. ऊस गव्हाणीत पडतो, वर जातो, त्याचे तुकडे होतात, मग रोलरखाली चिरडला जातो. रस एकीकडं, चिपाड दुसरीकडं. मी लागायच्या आधी काही हंगाम तिथं एका हंगामी माणसाचा हात मशीनमध्ये गेला. दोन दिवसांनी माणूसही गेला. त्या जागी लोखंडी जाळी पाहिजे होती. नव्हती. आजही नाही.

जाळी बसली नाही, पण गोष्ट बसली. रात्री तीनच्या सुमाराला तिथं कुणीतरी "हात दे, हात दे" म्हणतं. नव्या पोराला पहिल्याच रातपाळीला ही गोष्ट ऐकवतात. मलाही ऐकवली. मी विचारलं, "त्याचं नाव काय व्हतं?" एकालाही सांगता येईना. भुताचा आवाज सगळ्यांना पाठ, माणसाचं नाव कुणालाच नाही. जाळीबद्दल तर कुणी चकार शब्द काढत नाही. नाव मला पुढच्या हंगामात कळलं, ऊसतोडीच्या टोळीत आलेल्या त्याच्या चुलतभावाकडून. आता नवं पोरगं आलं की मी त्याला ते नाव सांगतो आणि जाळी कुठं पाहिजे तेही बोटानं दाखवतो.

दोस्तहो, भुताच्या गोष्टीचा धंदा हा असा आहे. भूत आलं की मुकादम सुटतो, साहेब सुटतो, चेअरमन सुटतो. मेलेल्यावरच आळ येतो की तोच आता इतरांना ओढतो म्हणून.

आमच्या शिवारात एक बारव आहे. तिच्यात हडळ आहे असं गाव सांगतं. तिन्हीसांजेला ओढून घेते म्हणे. आमची आजी मात्र म्हणायची, "हडळ कशाची रं. चांगली नांदती बाय व्हती. पोटुशी व्हती. ढकलली तिला." कुणी ढकलली, असं विचारलं की आजी पदर तोंडाला लावायची. तिला हडळीची भीती नव्हती. ढकलणाऱ्यांच्या नातवंडांची होती, कारण रोज त्यांच्याच रानात खुरपायला जायचं होतं.

आपल्या मुलखातल्या भुतांची नावं कधी नीट बघा. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मेला तो बामणाचा पोरगा मुंजा, त्याला राहायला पिंपळ. सवाष्ण मेली तर जखीण. विधवा मेली तर लावसट. बाळंतपणात मेली तर हडळ. म्हणजे मेल्यावरसुद्धा जात सुटत नाही, कुंकू सुटत नाही. आमच्या वस्तीतलं पोरगं मेलं तर त्याला पिंपळही मिळत नाही. आणि पुरंदरच्या बुरुजाखाली जिवंत माणसं पुरल्याची कथा आपण बापजाद्यांकडून ऐकत आलो. बुरूज टिकावा म्हणून आपली माणसं पायात. वर किल्ला दिमाखात, खाली कोण आहे ते विचारायचं नाही.

म्हणून मी एक कसोटी केली. जिथं भुताची गोष्ट आहे तिथं खाली कुणाचा तरी गुन्हा पुरलेला असतो. चांगला सिनेमा तो गुन्हा उकरतो. वाईट सिनेमा त्याच्यावर आणखी एक पाटी माती टाकतो. ही कसोटी घेऊन मी गेल्या काही वर्षांतले सिनेमे बघितले, बहुतेक मोबाईलच्या बोटभर पडद्यावर. त्यातले चार बघाच म्हणून सांगतो. पाचवा सावध राहून बघा.

पहिला 'लपाछपी'. मराठी. २०१७ साली लागला. दिग्दर्शक विशाल फुरिया, कामं पूजा सावंत आणि उषा नाईक यांची. दिवस भरत आलेली एक शहरातली बाई उसाच्या रानातल्या एकट्या घरात येऊन राहते. भोवती ऊसच ऊस, वाट दिसत नाही, आणि उसात पोरं लपाछपी खेळतात. कुणाची पोरं? ते सिनेमा शेवटी सांगतो आणि सांगताना बोट घराकडं वळवतो. न जन्मू दिलेल्या लेकी, आणि त्यांना न जन्मू देणारी चांगली जेवूखावू घालणारी माणसं. याच दिग्दर्शकानं २०२१ साली हिंदीत 'छोरी' नावानं तो पुन्हा केला. पण मराठीच बघा, कारण तो ऊस आपला आहे. आमच्या गव्हाणीत पडतो तोच.

हे भूत काल्पनिक वाटत असेल तर शेजारच्या बीड जिल्ह्याचे आकडे घ्या. २०११च्या जनगणनेत तिथं सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागं ८०७ मुली होत्या. बाकीच्या कुठं लपल्या? आणि २०१९ साली सरकारी समितीनं त्याच जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळी आली तर खाडा पडतो, खाडा पडला तर पैसे कापतात. आमच्या कारखान्याच्या यार्डात दर हंगामाला या बाया मोळ्या उतरवतात. त्यांना लपाछपीची गोष्ट सांगितली तर त्या घाबरणार नाहीत. मान हलवतील.

दुसरा 'तुंबाड'. राही अनिल बर्वे यांचा. १२ ऑक्टोबर २०१८ला लागला, तेव्हा थिएटरं रिकामी. १३ सप्टेंबर २०२४ला पुन्हा लावला, तर पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला. १९१८ पासून १९४७ पर्यंतचा काळ, कोकणातला वाडा. हस्तर नावाचा देवीचा पोरगा. त्यानं सगळं सोनं घेतलं तोवर चाललं. धान्याला हात घालायला गेला तेव्हा बाकीचे देव तुटून पडले. मग तो आईच्या गर्भात कायमचा भुकेला बसला. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला पुजायचं नाही. आणि विनायकराव काय करतो? पिठाची बाहुली घेऊन खाली उतरतो, भुकेलेल्यापुढं टाकतो आणि तो खात असताना त्याच्या लंगोटातल्या मोहरा चोरतो.

हा सिनेमा मी तीनदा बघितला. पहिल्यांदा हस्तरची भीती वाटली. तिसऱ्यांदा विनायकरावाची वाटली. सगळे म्हणतात, लोभाची गोष्ट आहे. असेल. मला तर ती इलेक्शनची गोष्ट वाटली. उपाशी माणसापुढं पिठाची बाहुली टाकायची आणि त्याच्या लंगोटाला हात घालायचा, ही कला आपल्या वस्तीत दर पाच वर्षांनी फुकट बघायला मिळते.

तिसऱ्यासाठी केरळात जावं लागेल. 'भ्रमयुगम', २०२४, दिग्दर्शक राहुल सदाशिवन. सगळा काळा-पांढरा. सतराव्या शतकातला तेवन नावाचा पाणन जातीचा गायक जीव वाचवत रानात भटकतो आणि एका पडक्या वाड्यात पोचतो. वाड्याचा धनी पोट्टी, म्हणजे मामुट्टी. तो त्याला जवळ करतो, गाणं म्हणायला लावतो, जेवू घालतो. मग फासे मांडतो. तेवनाकडं पैसा नाही, तर डावाला काय लावायचं? आयुष्यातला वेळ. डाव हरला, वेळ गेला, दार बंद. मल्याळी येत नसेल तर खालची अक्षरं वाचत बघा, अडत नाही. हंगामी कामगाराला तर एक अक्षर वाचायची गरज नाही. जेवू घालणाराच आपला वेळ गिळतो, हे त्याला पाठ आहे. उचल घेतलेल्या ऊसतोड्याला तर जास्तच.

चौथा सातासमुद्रापलीकडचा. 'सिनर्स', २०२५, दिग्दर्शक रायन कूगलर, काळा माणूस. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव त्यांच्याकडूनच घेतलं होतं, तेव्हा नातं जुनं आहे. १९३२ सालचं मिसिसिपी. कापूस वेचणारी काळी माणसं, मजुरीला मळ्याबाहेर न चालणारे पैसे. दोन जुळे भाऊ गोऱ्याकडून जुनी लाकडाची गिरणी विकत घेतात आणि आपल्या माणसांसाठी नाचगाण्याचा अड्डा काढतात. त्यांचा चुलतभाऊ गातो तेव्हा मेलेले पूर्वज आणि न जन्मलेले वारस एका जागी नाचायला येतात. ते गाणं रक्तपिपासू भुतांना पाहिजे असतं. माणूस मेला तरी चालेल, गाणं आपलं झालं पाहिजे. आपली शाहिरी, आपली हलगी कुणाकुणाच्या मांडवात वाजते ते बघितलं की हे भूत ओळखीचं वाटतं.

या भुताला एक नियम आहे. घरातल्यानं ये म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. हे बघून मी रातपाळीत एकटाच हसलो. आपल्याकडं नियम उलटा होता. उंबरा ओलांडायला आपल्याला मनाई, आणि ते आपल्या वस्तीत वाटेल तेव्हा घुसणार. १९३०ला नाशकात काळारामाच्या दारात आपली माणसं बसली ती पाच वर्षं, आणि दार काही उघडलं नाही. सिनेमातली खरी गोम तर पुढं आहे. ज्यानं गिरणी विकली तोच क्लॅनवाल्यांचा म्होरक्या निघतो. भुतं आली नसती तरी सकाळी माणसं मारायला येणारच होती. भूत हे रात्रीपुरतं. दिवसाचा बंदोबस्त माणसांनी आधीच करून ठेवलेला.

पाचवा 'मुंज्या', २०२४, आदित्य सरपोतदारांचा. पैसा भरपूर केला. पोरं हसली, मीही हसलो. पण कसोटी लावा. नको म्हणणाऱ्या मुलीसाठी स्वतःच्या बहिणीचा बळी द्यायला निघालेला पोरगा म्हणजे मुंज्या. गुन्हा समोर पडलाय. आणि सिनेमा तो गमतीच्या चादरीखाली ढकलतो. मुंज कुणाची होते, कुणाची होत नाही, हे तर विचारायचंच नाही. करमणूक म्हणून बघा, पण मातीची पाटी पडताना ओळखा.

आता माझ्या जिल्ह्याचं.

१ जानेवारी २०१३. नेवासा तालुक्यात सोनईचं शिवार. संडासाची टाकी साफ करायची म्हणून मेहतर समाजाच्या तीन तरुणांना बोलावून घेतलं आणि मारलं. त्यातल्या एकाचं वरच्या जातीच्या मुलीवर प्रेम होतं. २०१८ साली नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. तिथून जवळच शनिशिंगणापूर. तिथं घरांना दारं-कुलपं लावत नाहीत, देवाच्या भीतीनं चोर येत नाही म्हणतात. चोरी थांबवणारी भीती शेजारच्या शिवारात खून थांबवायला पोचली नाही.

२८ एप्रिल २०१४. जामखेड तालुक्यातलं खर्डा. शिकणारं, सतरा वर्षांचं आपलं पोरगं. वरच्या जातीच्या मुलीशी बोललं म्हणून मारलं आणि झाडाला लटकवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. साक्षीदार फितूर झाले.

मित्रानं विचारलं होतं ना, भुतं काय बघतो म्हणून? हे म्हणून. सिनेमातलं भूत म्हणजे फितूर न होणारा साक्षीदार. त्याला रानात कामाला जायचं नसतं, त्याला पोरंबाळं नसतात, त्याचा ऊस कारखान्यानं अडवायचा राहिलेला नसतो. म्हणून ते त्याच जागी पुन्हा पुन्हा येऊन उभं राहतं. जिवंत माणसाला हे परवडत नाही. माझ्या आजीला परवडलं नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

पण सिनेमा संपतो आणि भूतही संपतं. खर्ड्याच्या झाडाबद्दल उद्या कुणीतरी गोष्ट सांगेल, अमावास्येला तिथं पोरगं दिसतं म्हणून. ती गोष्ट रुजली की आणखी वीस वर्षांनी तारीख जाईल, जात जाईल, निकाल जाईल. उरेल फक्त भीती, आणि तीही झाडाची.

म्हणून हे चार सिनेमे एकट्यानं बघू नका. विहारात टीव्ही असेल तर तिथं लावा, बाया-म्हाताऱ्यांना पुढं बसवा. संपल्यावर दिवे लावा आणि एकच विचारा, आपल्या गावात भूत कुठं कुठं सांगतात? विहीर, झाड, मशीन, पडका वाडा, एकेक जागा वहीत लिहा. मग दुसरा प्रश्न. तिथं मेलं कोण, कोणत्या साली, आणि तेव्हा पोलिसांच्या कागदावर काय लिहिलं? म्हाताऱ्या पदर तोंडाला लावतील. घाई करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

नाव मिळालं की तेवढं भूत कमी झालं समजा.

जय भीम.