नरक्या

नांवें ठेवण्यांत मनुष्यप्राणी मोठा उतावळा आहे. एखाद्या वस्तूचा वास नाकाला झोंबला, कीं तिची रवानगी आपण तत्काळ नरकांत करतों आणि पुन्हा तिच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. सह्याद्रीच्या रानांतील एका लहानशा झाडावर असाच प्रसंग ओढवला. त्याचें पान चुरगाळलें तर घाण येते, फुलांचा वासहि तसाच. म्हणून लोकांनीं त्याला ‘नरक्या’ म्हटलें. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तरी काय केलें? त्याच्या जुन्या लॅटिन नांवांतील ‘फीटिडा’ या शब्दाचा अर्थहि ‘दुर्गंधी’ असाच आहे. आमच्या आजीच्या बटव्यांत हिरडा, बेहडा, वावडिंग, मुरुडशेंग अशी सारी मंडळी सुखानें नांदत असे. नरक्याला तेथें प्रवेश नव्हता.

गंमत अशी, कीं अलीकडे कित्येक ठिकाणीं याच झाडाला ‘अमृता’ म्हणतात. (गुळवेलीलाहि अमृता म्हणतात, पण ती वेल निराळी.) नरकापासून अमृतापर्यंतचा हा प्रवास मला आमच्या वहिनींच्या दुखण्यामुळें कळला. त्यांना अंडाशयाचा कर्करोग झाला होता. पहिल्या औषधांचा गुण ओसरल्यावर डॉक्टरांनीं टोपोटेकान नांवाचें औषध लिहून दिलें. वहिनींचा स्वभाव चौकस. त्या म्हणाल्या, “भाऊजी, हें कशापासून करतात, तेवढें पाहून सांगा हो.”

मीं पुस्तकें चाळलीं आणि थक्क झालों. नंदुरबारास जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे अमेरिकन सहकारी मनरो वॉल यांनीं १९६६ सालीं एका चिनी झाडांतून कॅम्प्टोथेसिन हें द्रव्य वेगळें काढलें. पुढें १९७२ सालीं गोविंदाचारी व विश्वनाथन या रसायनशास्त्रज्ञांना तेंच द्रव्य आपल्या नरक्यांत सांपडलें, आणि तेंहि चिनी झाडाहून अधिक प्रमाणांत. मूळ द्रव्य रोग्यांना सोसेना. तेव्हां प्रयोगशाळेंत त्याचें रूप पालटून टोपोटेकान व इरिनोटेकान हीं औषधें तयार करण्यांत आलीं. अमेरिकेंत दोहोंना १९९६ सालीं मान्यता मिळाली.

या औषधाची करणी मोठी विलक्षण आहे. पेशी दुभागण्यापूर्वीं तिच्यांतील आनुवंशिक धाग्याची नक्कल व्हावी लागते. धागा उलगडतांना त्यास पीळ पडतात. अशा वेळीं पेशींतील एक विकर धाग्याचा एक पदर क्षणभर तोडतें, पीळ सोडवितें आणि पदर पुन्हा सांधतें. नेमक्या सांधण्याच्या क्षणीं हें औषध आड येतें. तुटका धागा घेऊन झपाट्यानें वाढूं पाहणारी पेशी अखेर मरते. हें मर्म १९८५ सालीं उलगडलें. मीं तें समजावून सांगितलें, तेव्हां वहिनी म्हणाल्या, “म्हणजे विषच कीं हो!” विषच होतें तें. त्यांचे केस गेले, अन्नाची चव गेली. परंतु त्या विषानें त्यांना चौदा महिने दिले, आणि त्या चौदा महिन्यांत त्यांनीं नातीचें बारसें स्वतः उभें राहून केलें.

त्या गेल्यानंतर आंबोलीस जाण्याचा योग आला, तेव्हां तें झाड डोळ्यांनीं पाहावें म्हणून मी रानांत शिरलों. बरोबरच्या वाटाड्यानें आधीं मला दाखविला तो एक खड्डा. झाडाच्या मुळांत तें द्रव्य अधिक असतें, म्हणून चोरटे झाडच मुळासकट उपटून नेतात. बुंधा राखून तोडलें तर त्यास फुटवा येऊं शकतो. उपटल्यावर मागें खड्डा उरतो. शिवाय वाळलेल्या लांकडांत हें द्रव्य शेकडा एकाहूनहि कमी. म्हणून थोड्याशा औषधासाठीं पुष्कळ झाडें पडतात.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाहीं. या झाडांत बहुधा नर निराळा व मादी निराळी असते. झाडें विरळ झालीं, कीं मादीच्या आसपास नर उरत नाहीं, आणि फळ धरत नाहीं. त्याहून मोठी गोष्ट अशी, कीं सर्व नरक्यांत द्रव्य सारखें नसतें. एखाद्या झाडांत तें मुबलक, तर दुसऱ्यांत अल्प. हा भेद कांहीं माती-पाण्याचा, तसाच कांहीं वंशाचाहि आहे. उद्यां या झाडाची शेतांत लागवड करावयाची म्हटली, तरी उत्तम वाण निवडावें लागेल तें रानांतल्या या विविधतेंतूनच. बियाण्याची कणगी आधींच दळून खाल्ली, तर पेरणीच्या दिवशीं कुणबी शेतांत काय घेऊन जाईल?

हरितालिकेची पत्री आणावयास आम्ही मुलें निघालों, कीं आई बजावीत असे, “पानें खुडा, डहाळी मोडूं नका.” तिला जनुकांची विद्या ठाऊक नव्हती, पण पुढल्या वर्षींहि पत्री लागणार, एवढें तिला ठाऊक होतें. औषध काढणाऱ्यांनीं याहून अधिक कांहीं शिकावयाचें आहे, असें मला वाटत नाहीं.

इतकीं वर्षें नरक्या सुखानें जगला, तो कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलें नाहीं म्हणून. दुर्गंधि हेंच त्याचें कवच होतें. आतां त्याचा गुण जगाला कळला आणि तें कवच गळून पडलें. ज्यांनीं त्याच्यापासून घेतलें, त्यांनींच आतां त्याला राखलें पाहिजे. आणि त्या घेणाऱ्यांत आमचें घरहि आहे.