नदीकाठची सपाट जागा

प्लॅन होता सुधागडावर कॅम्पिंगचा. झोपलो जांभूळपाड्यात, एका काकांच्या अंगणात. मधे काय झालं ते सांगतो.

ऑक्टोबरमधला शनिवार. आम्ही सहाजण, एक मोठी गाडी आणि दोन नवेकोरे तंबू (ऑनलाइन सेलमधले, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेले). ऐरोलीहून सकाळी सातला निघायचं, खोपोलीमार्गे पाली, बल्लाळेश्वराचं दर्शन, जेवण, मग ठाकूरवाडीतून चढाई आणि रात्री गडावर मुक्काम. सगळं मी एक्सेल शीटमध्ये मांडलं होतं, अगदी कांदे किती घ्यायचे इथपर्यंत. पण आमच्यातल्या एकाचं डिप्लॉयमेंट शुक्रवारी रात्री संपायचं ते शनिवारी दुपारी दोनला संपलं. आपल्या धंद्यात हे काही नवीन नाही. असो. खोपोली सोडून पालीच्या रस्त्याला लागलो तेव्हा पाच वाजून गेले होते. ऑक्टोबरात सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, गडावर पोचायला दोनेक तास लागतात, वाटेत लोखंडी शिडी आहे आणि सहापैकी तिघं आयुष्यात पहिल्यांदा गड चढणार होते. म्हणजे गड उद्यावर.

"मग इथंच कुठेतरी लावू ना तंबू," मागून आवाज आला. आणि जांभूळपाड्याजवळ अंबा नदी दिसलीच. पाणी जेमतेम घोट्याएवढं, बाजूला सपाट गवत, थोडी वाळू, वर मोकळं आकाश. फोटोत जशी दिसते तश्शी जागा! ग्रुपचा लीडर मीच (स्वयंघोषित), त्यामुळे निर्णयही मीच घेतला. अर्ध्या तासात दोन्ही तंबू उभे, तीन दगडांची चूल मांडून झाली.

मी एक वर्ष ऑनसाइट कॅलिफोर्नियात होतो. तिथल्या स्टेट पार्कात तंबू लावायचा तर सहा महिने आधीपासून बुकिंग उघडतं. तुमच्या जागेला नंबर असतो, लाकडी टेबल असतं, शेकोटीसाठी लोखंडी कडं असतं, अस्वलं असतील तिथे खाणं ठेवायला लोखंडी पेटी. रात्री दहानंतर आवाज नाही. मला तेव्हा ते फार शिस्तीचं, थोडं शाळेसारखंच वाटायचं. आपल्याकडे कसं, वाटेल तिथे पथारी टाका, कोणी विचारत नाही! पण त्या नंबराच्या पाटीमागे कोणीतरी आधी येऊन बघून गेलेलं असतं की इथे झोपलेलं चालेल का. हे तिथे असताना माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

इथे ते बघायला म्हशी घेऊन एक काका आले. पन्नाशीचे असतील.

"कुठले तुम्ही, पोरांनो?"

"मुंबईचे, काका."

"इथं नका झोपू."

मला वाटलं यांची जमीन असेल. एकजण कानात म्हणाला, "आता पैसे मागतील बघ." मी आपला फोन काढून दाखवला. "काका, आम्ही बघितलंय. रात्री पाऊस नाहीये." खरंच नव्हता, दहा टक्के शक्यता दाखवत होता.

काकांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. खंडाळ्याच्या बाजूला हात केला. तिकडे डोंगरावर ढग काळे झाले होते. "तिकडं आहे की. ह्या दिवसांत संध्याकाळी घाटात गडगडतं. तिथं पडतं आणि इथं येतं."

एवढी साधी गोष्ट! अंबा उगम पावते बोरघाटाच्या डोंगरात आणि पुढे पाली, नागोठणे करत धरमतरच्या खाडीला मिळते. घाटमाथा आणि खालचं कोकण यांत पाच-सहाशे मीटरचा फरक आहे, तोसुद्धा थोडक्या अंतरात. म्हणजे वर पडलेलं पाणी खाली यायला कितीसा वेळ लागणार? मी बघत होतो ते हवामान जांभूळपाड्याचं, आणि नदीत येणारं पाणी ठरत होतं भलतीकडेच. ऑफिसात कोणी चुकीच्या सर्व्हरचा ग्राफ बघत "सगळं ग्रीन आहे" म्हणाला असता तर मी त्याला सोडला नसता.

तरी मी वाद घातलाच. ऑक्टोबर आहे, पावसाळा संपलाय वगैरे. काका म्हणाले, "चला, एक दाखवतो." नदीपासून बरंच आत आलो. एका जुन्या भिंतीपाशी थांबून त्यांनी हात वर केला, स्वतःच्या डोक्याच्याही वर. "एकोणनव्वद साली पाणी इथं होतं. मी आठवीत होतो."

जुलै १९८९. अंबेला आलेल्या पुरात जांभूळपाडा उद्ध्वस्त झालं, किती माणसं वाहून गेली. आमच्यातल्या कोणाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मी या रस्त्याने पालीला निदान दहा वेळा गेलोय, अष्टविनायकाच्या गाडीतून, आई-बाबांबरोबर, पापड-मिरगुंडांच्या पिशव्या घेऊन. हे गाव माझ्यासाठी खिडकीतून दिसणारी एक पाटी होतं. काका त्यापुढे काही बोलले नाहीत. त्यांच्या घरातलं कोणी गेलं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तंबू उचलले. एकाने कुरकुर केली, की सगळा मूड गेला. काकांच्या अंगणात पुन्हा लावले. काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी दिली. आमचं नूडल्सचं पाकीट तसंच बंद राहिलं. पैसे द्यायला गेलो तर आधी नाहीच म्हणाले, मग फक्त भाकऱ्यांचे घेतले. रात्री अकराच्या सुमारास घाटात विजा चमकत होत्या. आवाज येत नव्हता, नुसता उजेड. मी बराच वेळ जागा होतो.

सकाळी उठून आधी नदीवर गेलो. पाणी तेवढंच, घोट्याएवढं. तीन दगडांची चूल जशीच्या तशी, कोरडी ठणठणीत.

"बघ, उगाच हललो," कुरकुऱ्या म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाहीये, तो प्रत्येक पार्टीत हा किस्सा सांगतो.

मग सुधागड केला. गड मस्तच. शिडीपाशी दोघांची तंतरली, पण चढले. याचं मूळ नाव भोरपगड, सुधागड हे नाव शिवाजी महाराजांनी ठेवलं. वर मोठ्ठं पठार, भोराई देवीचं देऊळ, रायगडाच्या दरवाज्याची आठवण करून देणारा महादरवाजा आणि भोरच्या पंतसचिवांचा वाडा, जिथे ट्रेकर मुक्काम करतात. म्हणजे आदल्या दिवशी वर पोचलो असतो तर तंबूची गरजच नव्हती! समोर तैलबैलाच्या दोन भिंती. पायथ्याच्या पाच्छापूरला १६८१ मध्ये संभाजी महाराज आणि औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर यांची भेट झाली होती. हे मी इतक्या उत्साहाने सांगायला घेतलं की अर्धे लोक झोपले. उतरून पालीला दर्शन, पापड, आणि रात्री दहाला घरी.

काकांचा नंबर घेतला होता. या जुलैत दोन दिवस पाऊस थांबेना, ऑफिसने वर्क फ्रॉम होम दिलं, तेव्हा दुपारी त्यांना फोन लावला.

"कोण? हां हां, तंबूवाले!" मागे पावसाचा आवाज येत होता. "पाणी चढलंय. तुमची चूल होती ना, त्याच्यावर पुरुषभर आहे आत्ता. म्हशी काल रात्रीच वर नेऊन बांधल्या. तुमच्याकडं काय, लाइट आहे का?"