कौलं, स्लॅब आणि वरचा पत्रा

वडपे गावात आम्हा चुलत-सख्ख्या भावंडांची पिढी एकाच जोत्यावरच्या दोन घरांत वाढली. आधी मंगलोरी कौलांचं, मग स्लॅबचं.

जुन्या घरात मे महिना सोसवायचा, पण ते घर आपोआप गार राहत नव्हतं. आई-काकू शेणानं जमीन सारवायच्या. मृगाआधी काका शाकारायला वर चढत, आम्ही पोरं खालून कौलं हातोहात पोचवायचो आणि आजी ओरडायची, "रिपेवर पाय ठेव रे, कौलावर नको!" जुन्या घराच्या गारव्यानं गहिवरणाऱ्यांत सारवणारी बाई सहसा नसते.

नाशिककडच्या मामांच्या वाड्याला हातभर जाड भिंती. तिकडची हवा कोरडी, रात्री गार. दिवसाचं ऊन भिंत अडवते आणि रात्री निवते. आमच्याकडे खाडीची दमट हवा. घाम वाळेल तेव्हा गार वाटणार, आणि तो वाळायला वारा हवा. म्हणून ओटी उघडी, भिंतींवर ऊन येऊ नये म्हणून वळचण खाली उतरलेली, आणि माजघराचा कारवीचा कूड आढ्यापर्यंत न नेता मध्येच सोडलेला. तापलेली हवा वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाई. खासगीपणा मात्र शून्य. माजघरातली कुजबूज ओटीवर आजोबांना शब्दन् शब्द ऐकू येई!

स्लॅब पडला तेव्हा कुणीच हळहळलं नाही. सारवण सुटलं, शाकारणी सुटली, मांजरांनी सरकवलेली कौलं नीट करणं सुटलं. पहिल्याच उन्हाळ्यात मात्र कळलं, की दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅब आमची जेवणं उरकल्यावर खाली सोडतो. पंखा तीच गरम हवा फिरवायचा. लोडशेडिंगच्या रात्री सगळं घर अंथरुणं घेऊन गच्चीवर.

काही वर्षांनी स्लॅब गळू लागला, म्हणून थोरल्या दादानं गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा घातला. गळती थांबलीच, खालच्या खोल्याही निवल्या. ऊन पत्रा झेलतो, आणि पत्रा-स्लॅबच्या मधून वारा वाहतो. चंदीगडच्या उच्च न्यायालयावर वास्तुकार ल कॉर्बुझिएनं १९५०च्या दशकात छतावर छत उभारलं, त्यातही हाच हिशेब होता. दादाला तो पावसानं शिकवला. केरळात वास्तुकार लॉरी बेकर तर स्लॅबच्या पोटातच मंगलोरी कौलं बसवत. काँक्रीट कमी लागे, खर्च वाचे आणि ऊनही थोडं कमी उतरे. आमची उतरवलेली कौलं मात्र हे कळेपर्यंत विकून झाली होती.

आता गावाभोवती गोदामंच गोदामं. त्यांच्या पत्र्यांवर वाऱ्यानं गरगरणारे भोवरे दिसतात. आत साचलेली गरम हवा वरून बाहेर काढायला. जुन्या कौलांच्या फटींचंच काम, दुसरं काय.

वहिनींची दादाच्या पत्र्याबद्दल एकच तक्रार होती: पापड वाळवायला ऊन उरलं नाही. त्यांनी हट्टानं गच्चीचा एक कोपरा उघडा ठेवून घेतला. सांडगे-पापड तिथंच वाळतात, आणि पावसाळ्यात घरही तिथंच गळतं.