सिंगापुरातली उसाची मोळी

सिंगापुरात मूल माध्यमिक शाळेत गेलं की 'सीसीए' निवडावं लागतं. खेळ, नाच, वाद्यवृंद, काहीतरी एक. आमच्या लेकीने चायनीज ऑर्केस्ट्रा घेतला. घरी मराठी, शाळेत मातृभाषेच्या तासाला हिंदी (मराठी त्या यादीतच नाही) आणि आता ताल मोजायचा 'ई, अर, सान'. बायको म्हणाली, तबल्याचा क्लास काय वाईट होता?

तिच्या वाट्याला शेंग आलं. धातूच्या वाटीत उभ्या रोवलेल्या नळ्या आणि फुंकायला बाजूला तोटी. दिंद्रुडहून आबांनी व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं. "अगं, ही तर उसाची मोळी! हिच्यातनं सूर कुठून निघायचा?" माजलगाव तालुक्यातल्या माणसाला दुसरं काय दिसणार म्हणा.

सूर निघतो नळीच्या बुडाशी बसवलेल्या पातळ पितळी पत्तीतून, श्वास सोडला तरी आणि ओढला तरी. फुंकून फुंकून आत ओल धरते, पत्ती चिकटते, म्हणून वाजवून झालं की वाद्य वाळवायचं. इथल्या दमट हवेत तर फारच. सगळा वृंद सूर जुळवतो तोही बहुधा शेंगच्याच स्वरावर, याचा लेकीला भलताच तोरा. तिची स्वरलिपी आकड्यांची आहे: सा म्हणजे 1, रे म्हणजे 2. तार सप्तकाला वर टिंब, मंद्राला खाली, थेट भातखंड्यांसारखं. पहिल्याच आठवड्यात ती वाचायला लागली.

अठराव्या शतकात शेंग युरोपात पोचलं आणि तिथे पत्तीच्या वाद्यांचे प्रयोग जोरात सुरू झाले. त्यातून पुढे हार्मोनियम आली. 1875 च्या सुमारास कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताने हलवायचा भाता दिला. आबा गावच्या हरिपाठाला पेटी धरतात, ती याच कुळातली.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. एवढा मोठा चिनी वाद्यवृंद पुरातन वगैरे मुळीच नाही. बीजिंगच्या आकाशवाणीने 1953 मध्ये असा वृंद उभा केला आणि तोच नमुना रूढ झाला. अरहू, पिपा, सुओना (आपल्या सनईची भावकी, तीही लग्नात वाजते) ही वाद्यं पाश्चात्त्य धर्तीवर ओळीने बसवली, समोर कंडक्टर उभा केला. खर्ज कमी पडला, तर सरळ चेलो आणि डबल बास आणून ठेवले. लेकीच्या वृंदातही ते आहेत आणि कुणाच्या कपाळाला आठी नाही. आपल्या आकाशवाणीने मात्र विलायती म्हणून 1940 मध्ये पेटी हद्दपार केली, ती 1971 पर्यंत. गावोगावच्या भजनी मंडळांनी दिल्लीला काही विचारलं नाही, हे फार बरं झालं.

दिवाळीत गावी येताना मोळी घेऊन ये, असा आबांचा हुकूम आहे. पण वाद्य शाळेचं, सुट्टीत कपाटात कुलूपबंद. हे कळल्यावर आबा लेकीला म्हणाले, "मग तू नुसती ये. पेटी हाय की इथं."