कूम डाऊनचा बोगदा

इंग्लंडात बाथ शहराजवळ कूम डाऊन नावाचा जुना रेल्वे बोगदा आहे. लांबी १६७२ मीटर! गाड्या १९६६ साली थांबल्या आणि २०१३ साली तिथून चालायचा नि सायकलचा रस्ता सुरू झाला. लेकीकडे गेलो असताना मी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. आत गारवा, मंद दिवे...

अशा जुन्या मार्गांची माती आधी तपासावी लागते. लाकडी स्लीपरांना क्रिओसोट पाजलेलं असतं, तण मारायला कित्येक ठिकाणी आर्सेनिकवाली औषधं फवारलेली असतात. ती माती उकरून कुणाच्या परसात पसरायची नाही.

पण माझं मन अडकलं ते वटवाघळांत. बोगदा ओस पडला तशी ती तिथे राहू लागली. आपल्याकडे वटवाघूळ घरात शिरलं की अपशकुन! तिथे त्यांच्यासाठी रात्री अकरा ते पहाटे पाच दिवे बंद ठेवतात. थंडीत ती अंगातल्या चरबीवर झोपून दिवस काढतात. वारंवार जाग आली तर ही शिदोरी लवकर संपते, आणि बाहेर खायला किडेही नसतात.

लेक म्हणाली, "बाबा, रात्रपाळीहून सायकलने घरी येणाऱ्या बाईने काय करायचं?"

प्रश्न खरा आहे. मी म्हटलं, "तिला टेकडीवरून रस्ता आहे गं, वटवाघळांनी कुठे जायचं?"

"ती टेकडी एकदा रात्री सायकलने चढून बघा," ती म्हणाली. मला अजूनही दिवे बंदच असावेत असं वाटतं. तिला वाटत नाही.